दादाच्या बाजूची पिसं

लाकडावर नक्षी कोरणाऱ्या दादाची उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा दाराच्या फळीवरचा डावा पक्षी पुरा झाला होता, उजवा बाकी होता. तो त्याच्याच हाताखाली शिकलेल्या धाकट्या बहिणीने हाती घेतला. तिने मधोमध रेघ मारली, डाव्या पक्ष्याचा कागदावर ठसा घेतला आणि कागद उलटा करून उजवीकडे चिकटवला. मग पिसापिसाचं रेघेपासूनचं अंतर ती कंपासने पडताळू लागली. पंखापर्यंत काम रेखीव होतं, पण शेपटीची पिसं वाकडी होत गेली होती. म्हणजे दादाचा हात आधीपासूनच कापत होता, आणि पठ्ठ्याने कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

कोरलेलं लाकूड काही परत भरता येत नाही. तिने तोच वाकडेपणा मोजूनमापून उजवीकडे उतरवला.

चाकांच्या खुर्चीत बसवून आणलेल्या दादाने डावा हात दोन्ही शेपट्यांवरून फिरवला.

"सारख्या आल्यात गं," तो अडखळत म्हणाला. "तुला कळलं ना?"

"कळलं. बोलला का नाहीस रे?"

"हातातली पटाशी काढून घेतली असतीस."

घेतलीच असती, आणि ओढत दवाखान्यातही नेलं असतं. पण आता ते बोलून त्याला आणखी काय टोचायचं? तिने त्याच्या मांडीवरचा भुसा झटकला आणि खुर्ची घराकडे वळवली.