सात तुकड्यांचा शब्द

आमच्या घराण्यात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मी पहिलीच. वासरात लंगडी गाय शहाणी. धुळ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागल्यापासून साक्रीकडचे सगळे नातलग गोळ्यांची पाकिटं, फवारणीच्या बाटल्या, तपासणीचे रिपोर्ट माझ्यापुढे आणून ठेवतात. इंग्रजी वाचता आलं म्हणजे दुखणंही कळलं, अशी त्यांची ठाम समजूत. मी चिडते, पण वाचून देते.

यंदा मोठा भाऊ चार पावलं चालला तरी धापा टाकायला लागला, म्हणून त्याला धुळ्यातल्या हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून रिपोर्टवर एक लांबलचक शब्द लिहिला. कार्डिओमायोपथी. गोळ्या आता कायमच्या, हृदय फार कमजोर झालंय, पुढचं पुढे बघू, एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला आत घेतलं.

बाहेरच्या बाकावर भाऊ म्हणाला, शब्द नीट शिकव, घरी सांगावा लागेल. मला दुसरं काय येतं? पोरांना शिकवते तसा तोडून शिकवला. कार, डि, ओ, माय, ऑ, प, थी. एकेका तुकड्याला मांडीवर हलकी थाप, आणि जोर ‘ऑ’वर. तोही थापा मारत म्हणत राहिला. मग मी तो कसा जोडलाय तेही सांगितलं. कार्डिओ म्हणजे हृदय, मायो म्हणजे स्नायू, पथी म्हणजे आजार. शिकवण्याच्या नादात क्षणभर मी कुठे बसलेय हेच विसरले.

भाऊने कागदावरच्या त्या शब्दावरून बोट फिरवलं.

“यामाईन कोनता तुकडा बरा व्हई, बाई?”

यातला कोणता तुकडा बरा होणार, हे त्या शब्दात कुठेच लिहिलेलं नव्हतं. वर्गात मी कुणाचा प्रश्न सोडत नाही.

“भाऊ, माले फक्त वाचता येस,” मी म्हणाले आणि रडायला लागले. आजारी तो, आणि माझ्या पाठीवरून हातही तोच फिरवत होता.

संध्याकाळी त्याला गावी सोडायला गेले. वहिनी दारातच उभी होती. डॉक्टर काय म्हणाले, तिने विचारलं. भाऊने तो शब्द न अडखळता, जोर बरोबर जागी देऊन म्हणून दाखवला. नवरा एवढं फर्डं इंग्रजी बोलतोय म्हटल्यावर काळजीचं काही नसणार, असं तिला वाटलं असावं. ती खुदकन हसली आणि चहा टाकायला आत गेली. भाऊने माझ्याकडे पाहून ‘सांगू नको’ अशी मान हलवली, आणि मी गप्प बसले.