प्रागच्या कबरीवरचा दहावा खडा

आधीच सांगते, भूतबित मी मानत नाही. दुबईत हॉटेलच्या हाउसकीपिंगमध्ये अठरा वर्षं काढलीत. रिकाम्या खोलीत कोणीतरी कण्हतंय म्हणून रडणाऱ्या पोरींना मीच हाताला धरून आत नेलंय आणि एसीचा पाइप दाखवलाय. त्यामुळे तुम्ही हसलात तरी मला राग नाही... मीही आधी हसलेच होते.

मी मर्सी, मूळची वसईची. नवरा विल्सन, मुलगी रिया, आणि दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधला वन बेडरूमचा फ्लॅट, एवढा आमचा संसार. गेल्या ऑक्टोबरात रियाच्या शाळेला सुट्टी होती म्हणून प्रागला गेलो. तिथला ज्यूंचा जुना मोहल्ला विल्सनला बघायचाच होता. सिनेगॉग, म्हणजे त्यांची प्रार्थनास्थळं, पाहिली, मग तिथलं जुनं कब्रस्तान. केवढी ती दाटी! हजारो दगड, सगळे वाकडेतिकडे, एकमेकांना टेकलेले.

आता आमच्या वसईच्या ख्रिश्चनांत दोन नोव्हेंबरला ऑल सोल्स डे, गेलेल्यांच्या आठवणीचा दिवस. त्याच्या आधी अख्खं घर झाडू-बादली घेऊन आपापल्या माणसांच्या कबरी घासायला जातं. कबरीवर सुकलेलं पान दिसलं तरी बायका नावं ठेवतात. त्यात माझा धंदाच साफसफाईचा. वाटेला लागून असलेल्या एका दगडावर खडे पडलेले दिसले आणि हात आपोआप गेला. म्हटलं, पोरांनी टाकले असणार, मेल्यांना वळण म्हणून नाही. खडे ओंजळीत घेतले, वेट टिश्यूने दगड छान पुसला आणि डस्टबिन शोधायला लागले.

तेवढ्यात म्हातारा गाइड धावतच आला. बिचारा ओरडला नाही. त्याने समजावलं की आम्हा ज्यूंमध्ये कबरीवर फुलं वाहत नाहीत, जो भेटायला येतो तो खडा ठेवतो. मी आलो होतो, तुला विसरलो नाही, एवढंच त्या खड्याने सांगायचं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. विल्सन भलतीकडेच बघत होता, जणू मी त्याची कोणीच नाही. रिया म्हणाली, "ओ माय गॉड, ममा." मी दहादा सॉरी म्हटलं आणि खडे मोजून परत ठेवले. नऊ होते, नऊ ठेवले. मोजण्यात मी चुकत नाही.

संध्याकाळी आईला फोनवर कबर पुसल्याचं हसत हसत सांगितलं, खड्यांचं राहूनच गेलं. ती हसली नाही. म्हणाली, "परक्याची कबर पुसायला युरोपात गेलीस. बापाची इथं आहे, मर्सी."

ते लागलंच. तीन वर्षांपूर्वी पप्पा गेले तेव्हा हॉटेल फुल होतं, सुट्टी मिळाली नाही. मी त्यांची माती मोबाइलवर पाहिली, लिनन रूममध्ये उभी राहून. त्यानंतर दर नोव्हेंबरला सीझनचं कारण सांगत आले. खरं कारण वेगळंच होतं. आईसमोर उभं राहायची मला लाज वाटत होती.

दुबईला आल्यावर बॅग उपसली तर तळाशी एक खडा. चपटा, करडा, मधून पांढरी रेघ. म्हणजे दहावा! मी तो ड्रॉवरमध्ये टाकला. सकाळी पाहते तर घरातल्या आल्तारावरच्या, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यातल्या, पप्पांच्या फोटोफ्रेमवर, वरच्या कडेला बरोबर मधोमध. आधी रियाला झापलं, मग विल्सनला. विल्सन म्हणाला, "हबीबी, मला माझा चष्मा सापडत नाही, तुझा खडा कुठून सापडणार?" मुद्दा बरोबर होता.

मग मी हॉटेलचाच नियम लावला. खडा लॉस्ट अँड फाउंडच्या पिशवीत घातला, सील केला, टॅगवर 'एक दगड, मालक अज्ञात' असं लिहिलं आणि ड्युटीवरच्या कपाटात कुलूपबंद केला. चावी माझ्या कमरेला. संध्याकाळी घरी आले... खडा फ्रेमवर! दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं. पिशवी तिथेच, सील शाबूत, आत काही नाही. मॅनेजरला काय सांगणार, दगड पळाला म्हणून? खलास, त्याच दिवशी वसईला जायला सुट्टीचा अर्ज टाकला. फुल सीझनमध्ये. आणि मंजूर झाला, हेही तसं अमानवीयच.

एक नोव्हेंबरला सकाळी आईसोबत पप्पांच्या कबरीपाशी गेले. आई पाठमोरी वाळकी पानं वेचत होती. तेवढ्यात मी बरोबर आणलेला खडा क्रॉसच्या पायाशी ठेवला आणि बादली भरायला नळावर गेले. परत आले तर आई पदराने कबर पुसत होती आणि खडा तिच्या मुठीत.

"कार्ट्यांनी दगड टाकलाय बघ," ती म्हणाली.

मला एकदम हसू फुटलं आणि हसता हसता रडूच आलं, तीन वर्षांचं. तिथेच मातीत बसून तिला खड्याचा अर्थ सांगितला. आईने मूठ उघडली, खडा पदराला पुसला आणि होता तिथे परत ठेवला.

"मग राहू दे," ती म्हणाली. "आली होतीस, हे त्यांना कळू दे."

त्या दिवसापासून खडा जागचा हललेला नाही. आई दर रविवारी चर्चमधल्या मासनंतर बघून येते आणि फोनवर सांगते. तो बॅगेत कसा आला, सीलबंद पिशवीतून कसा निघाला, मला अजून कळलेलं नाही. फ्रेम पुसताना मात्र रोज वरच्या कडेवर बोट फिरवून बघते. पुढच्या नोव्हेंबरच्या सुट्टीचा अर्ज आत्ताच देऊन ठेवलाय... उगाच त्याला परत दुबईपर्यंत हेलपाटा कशाला?