वारंगकाकांची फणसाची गिटार

वारंगकाका तुम्हाला साधी पेन्सिल देणार असले तरी ती आधी त्यांच्या डाव्या हातातून उजव्या हातात जायची आणि मग तुमच्याकडे यायची. काम सगळं डाव्या हाताने, करवत काय नि पटाशी काय. देणंघेणं मात्र उजव्याने. लहानपणी देवळात प्रसादासाठी डावा हात पुढे केला म्हणून आजोबांनी मनगटावर छडी हाणली होती, ती सत्तरीतही विसरले नव्हते. "हात सुदारलो नाय रे, नुसतो भियालो," असं म्हणायचे आणि हसायचे.

मुलुंडला ते आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. मूळचे कुडाळकडचे, कारखान्याच्या टूलरूममधून रिटायर झालेले. मी विमा कंपनीतला कारकून, चाळिशी उलटलेला, आणि डोक्यात एकच खूळ: इलेक्ट्रिक गिटार घरी बनवायची. मानेची दांडी आणि वायरिंग बाजारातून आणलं. धड मात्र आपल्या हाताने, तेही अस्सल लाकडाचं.

लाकूड घरातच होतं. बाबांनी देव्हाऱ्यासाठी आणलेली फणसाची फळी, जाडजूड, पिवळीधमक. देव्हारा व्हायच्या आधी बाबाच गेले आणि फळी पलंगाखाली राहिली. आई म्हणाली, ने, पण वाया घालवू नकोस, बाबांची एवढी एकच आहे. मी ती खांद्यावर टाकली आणि तडक काकांचं दार गाठलं. त्यांनी फळीवर टिचकी मारली, कान लावला आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला, की मला तिथेच गिटार ऐकू यायला लागली.

धड भरीव असतं हे कळल्यावर मात्र ते चक्रावले. पोकळ नाही, तर वाजणार कुठून? तारांखाली पिकअप असतात, ते तारांची थरथर पकडून स्पीकरला पाठवतात, असं मी समजावलं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मग माझ्यापेक्षा तेच पेटले. दर रविवारी सकाळी आठला खालून हाक यायची. गॅलरीत भुसा उडायचा, काकूंच्या वाळत घातलेल्या साड्या पिवळ्या व्हायच्या. त्या बडबडायच्या आणि चहाही आणून द्यायच्या. मी म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. काका पॉलिशपेपर माझ्या हातात कोंबायचे. "लाकडाक घाई चलणा नाय."

आकार कापायला आम्ही प्लायवुडचा साचा केला होता. फळीत एका कडेला गाठ होती. ती टाळायला काकांनी साचा उलटा करून ठेवला, पेन्सिलीने रेघ मारली आणि माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. मग कापलं, घासलं, मानेची आणि पिकअपची खाच खोदली. काय मजा यायची राव! सोमवारी ऑफिसात माझ्या नखांत पिवळा भुसा असायचा आणि मी तो मुद्दाम धुवायचो नाही.

मग एका रविवारी मानेची दांडी बसवली आणि गिटार मांडीवर घेतली. मानेच्या दोन बाजूंना धडाला शिंगांसारखी टोकं असतात, त्यातलं खालचं वर आलं होतं. धड डावखुऱ्याचं झालं होतं. खाचा खोदून झालेल्या, त्यामुळे दुसऱ्या बाजूने वापरायचीही सोय नव्हती. मी नको ते बोललो. म्हटलं, "काका, फळी बाबांची होती."

त्यांनी गिटार उलटसुलट करून पाहिली. "माका ता सरळच दिसला रे," एवढंच म्हणाले.

दोन रविवार मी खाली उतरलो नाही. तिसऱ्या रविवारी काकू वर आल्या. काका धड जेवत नाहीत, तशीच फळी मिळते का म्हणून कुर्ल्यापर्यंत वखारी पालथ्या घालून आले, असं त्यांनी सांगितलं. मला माझीच लाज वाटली. साचा उलटा ठेवला तेव्हा मान मीच डोलावली होती की.

खाली गेलो तर धडाला आरशासारखं पॉलिश केलेलं. म्हटलं, आवाज तरी ऐकू या. पिकअप बसवले, डावखुऱ्याला लागतात तशा तारा उलट्या क्रमाने चढवल्या आणि काकांना धरायला सांगून मी स्पीकर जोडायला वाकलो. मागून झणकन आवाज आला. वळून पाहिलं तर गिटार त्यांच्या मांडीवर नेमकी बसली होती आणि डावा हात तारांवर होता. कुणी न शिकवता.

"ही माझ्या हाताची आसा रे," ते म्हणाले. डोळे भरले होते त्यांचे. माझेही.

गिटार त्यांचीच झाली. वर्षभर मी त्यांना शिकवलं. तीन कॉर्ड आले, चौथा कधीच आला नाही, पण इमारतीला त्या तिन्हींतून सुटका नव्हती.

मग काका-काकू कायमचे गावी गेले. टेम्पो भरल्यावर काकांनी मला थांबवलं आणि पिशवीतून एक छोटासा पाट काढला. बाबांच्या फळीच्या उरलेल्या तुकड्याचा, देवांना बसायला. ती टाळलेली गाठ बरोबर मधोमध होती, पॉलिशने चमकत.

पाट त्यांच्या डाव्या हातात होता. मी वाट बघत होतो, आता तो उजव्या हातात जाईल.

गेला नाही. त्यांनी तसाच पुढे केला. मीही माझा डावा हात पुढे केला आणि घेतला.