पायवाटेसाठीची सभा

परवा दुबईतल्या अल मनखूल भागातल्या घरी टेबलाला मेणाचं पॉलिश लावलं, आणि त्या वासाने मी इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या, तसाच वास असलेल्या सभागृहात पोचले. तरुणपणी मी तिथे नर्स होते. एका संध्याकाळी त्या सभागृहात गावाच्या पॅरिश कौन्सिलची, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखीच, सभा होती. बसथांब्याकडे जाणारी शेतातली पायवाट एका जमीनमालकाला बंद करायची होती. मी रोज तिथूनच ड्यूटीला जायचे, तरी मागे गप्प बसले होते.

"ही वाट कोण वापरतं, ते लिहून घेतेय. तुमचं नाव?" कौन्सिलच्या म्हाताऱ्या कारकून बाईंनी मला विचारलं.

"मी इथली नाही हो."

"रोज चालता ना? मग इथल्याच."

मी उठून बोलले. वाट राहिली.

तेव्हा मला फक्त वाटेचा आनंद झाला होता. आता दुबईत नव्याने संसार मांडताना मात्र बाईंचं ते बोलणंच धीर देतं.