तीन प्रती
परवा पेन्शनच्या कागदांत कार्बनचा तुकडा निघाला, बोटं निळी झाली आणि उरणकडचा तो होड्यांचा धक्का आठवला. ऐंशी सालच्या सुमाराला मी पोलिसांत होतो, साध्या कपड्यांत खबरा काढत फिरायचो. वाळत घातलेले बोंबील उलटता उलटता एक कोळीण पुटपुटली, “परवा पाहाटं चोरटा माल उतरनार हाय. पन माजं नाव कागदावर नको, साहेब.” मी शब्द दिला. फौजदार मात्र म्हणाले, “नावाशिवाय खबर कसली?” मी नाव लिहिलं, कार्बन घालून, तीन प्रतींत. माल आलाच नाही. आठवड्याभरात तिची होडी जळाली. पंचनाम्याला मलाच धाडलं. जळक्या डांबराचा वास अजून उठत होता. वर न बघताच मी विचारलं, “नाव?” ती म्हणाली, “तुमीच लिवलंय ना.”