अक्कांचा डावा हात

लिंगपूजा झाल्याशिवाय अक्का पाण्याचा थेंबही तोंडात घेत नसत. अंगात ताप असो की उन्हानं जीव कासावीस झालेला असो. पहाटे ओसरीवर घोंगडी अंथरायची, कपाळाला विभूती लावायची, गळ्यातल्या चौक्यातून, त्या चांदीच्या डबीतून, इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवायचं आणि त्याच्याकडे एकटक पाहत बसायचं. किती वेळ, हे विचारायची सोय नव्हती. "भाकरी भाजताना घड्याळ बघतीस का गं? भाजली की उचलतीस," असं म्हणत.

लातूर जिल्हा तेव्हा नवानवा झाला होता आणि नव्या कचेरीत माझी बदली झाली होती. साहेब नवे, टेबलं नवी, फायली तेवढ्या जुन्या. अक्कांच्या माडीवर मी भाड्यानं राहत असे. सकाळी जाग आली की कचेरीच्या विचारानं छाती धडधडायला लागे. डॉक्टर म्हणाले, योगासनं करा. मी हौसेनं सतरंजी आणली, आसनांच्या वर्गाला गेले, आणि महिन्याच्या आत ती सतरंजी घडी होऊन उशाखाली गेली. अक्कांना भारी हसू आलं.

"उलटीसुलटी हून बघितलीस, लई झालं," त्या म्हणाल्या. "आता नुसतं बूड टेकून बसाय शिक. माझ्याजवळ बस. काय करू नको."

मी बसे. डोळे मिटले की कचेरी दिसे, आणि जरा वेळानं मी उठून जाई. त्या कधी रागावल्या नाहीत. "उद्या ये," एवढंच म्हणत.

मग दुष्काळ पडला. गल्लीत पाण्याचा टँकर यायचा तो नेमका पूजेच्या वेळी. भोंगा वाजला की घागरींचा नुसता कालवा होई, पण अक्का मान वर करत नसत. आंघोळ ओल्या फडक्यावर आली होती. लिंगाला मात्र पळीभर पाणी लागे आणि तेच त्या तीर्थ म्हणून पीत. "देव न्हातो बी, मी पिते बी. नासाडी कुठं हाय?"

त्याच उन्हाळ्यात अक्कांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. दवाखान्यातले दिवस सलाइनवर निघाले. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी उजव्या हातानं लिंग डाव्या तळहातावर ठेवलं. ते घरंगळून मांडीत पडलं.

"उजव्या हातावर घ्या की," त्यांची सून शांता म्हणाली.

"उजव्यानं पाणी घालायचं, बेल वाहायचा. डावा त्याचं घर हाय."

पूजा झाली नाही, म्हणून पाणी नाही. दिवसभर नाही. ओठांना भेगा पडल्या. पोटात पाणी गेलं नाही तर त्या टिकणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे शांता पेला घेऊन रडत बसली होती, तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला. ती गेली नसती तर घर कोरडं राहिलं असतं. ती घागर घेऊन पळाली. ओसरीवर आम्ही दोघीच उरलो. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं.

मी घाबरले. "अक्का, मी तुमच्यातली नाही. माझ्या गळ्यात लिंग नाही."

"हात हाय की," त्या अडखळत म्हणाल्या. "तेवढा दे."

मी त्यांच्या डाव्या हाताखाली माझा हात धरला. त्यांचा हात थंडगार आणि जड होता. लिंग तळव्यावर ठरलं. आता मला हलायची सोय नव्हती. छाती धडधडली, पाय बधिर झाला, पण मी हलले असते तर लिंग पडलं असतं. म्हणून मी अक्कांच्या श्वासाकडे लक्ष दिलं आणि हळूहळू माझाही श्वास तसाच चालू लागला. बऱ्याच वेळानं त्यांनी पळीतलं तीर्थ तोंडात घेतलं. मला रडू आवरलं नाही.

त्यानंतर रोज पहाटे शांता टँकरकडे जाई आणि मी अक्कांपाशी बसे. एकदा पूजा झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुझा हात आता थरथरत न्हाई गं." तोपर्यंत माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं.

पाऊस बघायला अक्का राहिल्या नाहीत. त्यांच्यात देह मातीला देतात तो मांडी घालून बसलेलाच. भिंतीला टेकवून त्यांना बसवलं होतं. जंगम स्वामींनी डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं, आणि हात घसरला. पुन्हा ठेवलं, पुन्हा घसरला. शांतानं माझ्याकडे पाहिलं आणि ती बाजूला सरकली. एवढ्या माणसांतून मी पुढे झाले आणि नेहमीच्या जागी बसून अक्कांच्या हाताखाली हात धरला. स्वामींनी मान वर करून पाहिलं आणि लिंग पुन्हा तळहातावर ठेवलं. त्यांनी फडक्यानं हात बांधेपर्यंत मी तशीच बसून होते. त्या दिवशी श्वास माझ्या एकटीचाच होता.

अजून मी रोज पहाटे बसते. डावा हात मांडीवर उताणा ठेवते. त्यावर काही नसतं, तरी मी तो हलू देत नाही.