राणेंचं अत्तर आणि माझ्या मेलेल्या पेशी

आधी हातातला चहा खाली ठेवा, उगाच ठसका लागेल! असला गाढवपणा केलाय मी, आणि तोही ऐन बढतीच्या तोंडावर.

मी खारघरला कॅन्सरवर संशोधन करते. कुठलं विष पेशींचं काय करतं, ते बघायचं. कॅन्सरच्या पेशी प्लॅस्टिकच्या छोट्या बशांत वाढवायच्या, अर्ध्या बशांत औषध घालायचं, उरलेल्यांना नुसतं खाणंपिणं द्यायचं. एका सकाळी बघते तर काय, औषधाच्या बशांतल्या पेशी साफ मेलेल्या! मी काय केलं असेल? अख्ख्या डिपार्टमेंटला पेढे वाटले!

दुपारी दुसऱ्या बशा पाहिल्या, औषध न घातलेल्या. त्याही साफ.

आता मला सांगा, खाऊनपिऊन सुखी असलेल्या पेशी मरतील कशाला? माझं डोकंच चालेना. पेशी वाढवायचं मशीन पुसलं, नव्या पेशी आणल्या. पुन्हा तेच! आणि शुक्रवारी बढतीची कमिटी लॅब बघायला येणार.

माझा संशय शेजारच्या टेबलावरच्या राणेंवर. हा माणूस रोज अत्तराने अंघोळ करून येतो.

"राणे, तुमच्या अत्तराने माझ्या पेशी मरतायत!"

"काय मॅडम! बायको एवढी वर्षं झेलतेय, तिला काय झालं नाय. पेशींनाच काय होतंय?"

तरी मी त्यांना खुर्चीसकट पॅसेजमध्ये बसवलं. पेशी मरतच राहिल्या.

शुक्रवारी कमिटीतल्या बाई आल्या. त्यांना दाखवायला मी कोऱ्या बशांचं कपाट उघडलं आणि बाईंनी नाकाला पदर लावला.

"डांबरगोळ्या ठेवल्यात का हो?"

"हो ना! खाडीची दमट हवा, झुरळं फार. आमच्या आईची शिस्तच आहे, कपाट दिसलं की डांबरगोळी टाकायची!" मी कौतुकाने सांगितलं.

"अहो, पण पेशी वाढवायच्या बशा इथेच, उघड्या? वाफ लागते की प्लॅस्टिकला, मग तीच पेशी मारते!"

मी घाईघाईने गोळ्या उचलायला लागले. दारातून राणे डोकावले. "मग मॅडम, आमी आत येऊ का?"

बाईंना माझी दया आली असावी. त्यांनी विषय बदलला. "बरं, तुमची पीएचडी कशावर होती?"

काय सांगू तुम्हाला! त्याच कपाटात शिरून आतून दार लावून घ्यावंसं वाटलं.

"डांबरगोळीच्या विषावर," मी म्हटलं.